फक्त बांधणीपुरतं

वॉकलीच्या चढावर, रात्री साडेअकराला
मी एका अवजाराची आवृत्ती तीनवरून चारवर नेली.
एक आकडा. एवढंच.
आणि यादी खाली खाली उलगडत गेली,
रिळातून निसटलेल्या दोऱ्यासारखी.
दोनशे बारा पॅकेजं म्हणाली,
आम्हाला पुन्हा बांध.

हे अवजार कुणी उघडत नाही.
त्याचं नाव कुणाच्या पडद्यावर येत नाही.
इमारत उभी राहीपर्यंत परांची हवी,
मग नळ्या मोजून ट्रकमध्ये टाकायच्या.
माझ्या फाइलीत त्याच्यासाठी वेगळी ओळ आहे:
फक्त बांधणीपुरतं.
लग्नाच्या आचाऱ्याचं पान पंगतीत मांडत नाहीत, तसं.

दोनशे दहा निमूट बांधली गेली.
एक रुसलं; एका स्वल्पविरामावर समजूत पटली.
उरलं एक,
व्हिटबी बंदराची भरती-ओहोटी सांगणारा
इवलासा प्रोग्रॅम.
त्याला चार चालत नाही, तीनच हवं.
आणि तीन बांधायला काय लागतं, पाहिलं तर
तीन.

हसू आलं. विरजणाचं तरी वेगळं काय?
दही लावायला दही लागतं,
आणि पहिलं कुणाचं, हे विचारायचं नसतं.
माझं आलं क्रुक्सच्या शाहीनबाजींकडून,
त्यांचं ब्रॅडफर्डहून, कुणा नणंदेच्या डब्यातून,
त्यापलीकडे त्यांनाही माहीत नाही.

शेजारचे ऑक्सली, वय एकोणनव्वद,
कचऱ्याचा डबा रस्त्याकडे लोटताना एकदा सांगत होते:
त्यांची आत्या घरीच कानशींना दात पाडायची.
शिशाच्या ठोकळ्यावर कानस, मुठीत छिन्नी,
इंचभरात साठ घाव, न मोजता,
आणि मध्येच उठून बटाटे उकडायला ठेवायची.
मी विचारलं, छिन्नीला आकार कशानं द्यायची?
"कानशीनं. जुन्या."
आणि ती जुनी कानस?
ऑक्सलींनी डबा फुटपाथच्या कडेला नीट लावला.
"कुणीतरी ती फेकली नव्हती, पोरी."
पोरी. मला. त्रेपन्नाव्या वर्षी.

नियम स्पष्ट आहे: ज्याचा कर्ता सापडत नाही
आणि जे नव्यावर बांधलं जात नाही, ते काढा.
वापरणारे किती? मोजणीत तीन.
त्यातली एक मी, चाचणीपुरती.
काढण्याची आज्ञा मी टाइप केली होती, पूर्ण.
एंटरवर बोट होतं.

मग मागच्या खोलीतल्या कपाटातून
जुना लॅपटॉप काढला, बिजागरी तुटलेला, चार्जर दुसऱ्याचा.
त्यात तेरा वर्षांपूर्वी बांधलेलं तीन निपचित पडून होतं.
त्यानं तीन बांधलं.
त्या तीननं पुन्हा तीन बांधलं.
दोन्ही ताडून पाहिली, शेवटच्या बिटापर्यंत सारखी.
त्याला नवं नाव दिलं, चारच्या शेजारी जागा दिली,
एका घरात दोन चुली,
एकीनं दुसरीच्या भांड्याला हात लावायचा नाही.
आणि खाली तीच ओळ लिहिली,
फक्त बांधणीपुरतं,
या वेळी जरा हळू.

दोन वाजून चाळीस. दोनशे बारा.
समुद्र इथून दिसत नाही,
तरी प्रोग्रॅम चालवून पाहिला.
व्हिटबी. भरती. पहाटे तीन बावन्न.
बंदराच्या तक्त्याशी पडताळलं: चार बावन्न.

एक तास कमी.
मार्चमध्ये घड्याळं पुढे जातात, हे त्याला
कुणी शिकवलेलंच नाही.
म्हणजे तिकडचे ते दोघं
इतकी वर्षं मनातल्या मनात एक मिळवतात
आणि होडी काढतात.

मी ते दुरुस्त केलं नाही.
आधी त्यांना विचारायला हवं.