मुबीनला, गाडी देताना

बघ, आधी एक गोष्ट मान्य करून टाकू :
कागदावर मी तिसरा मालक, तू चौथा,
आणि मीटरवरचे एकसष्ट हजार खोटे आहेत.
मीटर दोन रमजानांपूर्वी बंद पडलं.
गाडी नाही.

सकाळी स्टार्ट झाली नाही तर घाबरू नकोस,
लाल बटण बघ.
हसू नकोस. सलमाबादला, गुल जमानच्या गॅरेजपर्यंत
मी दोन किलोमीटर ढकलत नेली होती एकदा.
त्याने काही न बोलता अंगठ्याने बटण सरकवलं
आणि चहा मागवला. पैसे माझे.

मग नळ बघ. मग प्लग.
काळा असेल तर पेट्रोल जास्त, पांढरा असेल तर हवा;
चहात बुडवलेल्या बिस्किटाचा रंग आला
की समज, बाई समाधानी आहे.
बॅटरीच्या टोकांवर हिरवट पीठ धरतं.
इथली हवा खारट, आपल्या दाभोळसारखी,
मासळीचा वास तेवढा वजा.
गरम पाण्याने धू, व्हॅसलीन लाव.

पेट्रोल जय्यदच भर. मुम्ताज पाजून
या वयात तिचं डोकं फिरवू नकोस.

चेनला तेल कमी, फडकं जास्त.
वाळू तेलाला चिकटते, उधारी पगाराला चिकटते तशी.

टायरची हवा पहाटे तपास, गार असताना.
दुपारी तपासलीस तर जास्त भरलीय असं वाटेल,
तू सोडशील,
आणि रात्री वळणावर मागचं चाक
वेगळाच विचार करेल.

तुझी मान अजून गावची आहे.
इथे गोल चौकात शिरताना डावीकडे बघायचं,
मग परत डावीकडे.
टाकीवरचा हा पोचा दिसतोय ना?
मी उजवीकडे बघत होतो.
घरी सांगितलं, गोदामात पायावर खोकं पडलं.
कधी खेडला गेलास आणि विषय निघाला
तर खोकंच.

आता खरी गोष्ट, जी गुल जमानलाही सापडली नव्हती.
जुलैत, भर दुपारी, सित्राच्या पुलावर
वीसेक मिनिटं चालून ती मरायची.
प्लग ठीक. नळ ठीक. कार्बोरेटर दोनदा उघडला.
थांबलं की पुन्हा सुरू, पुन्हा वीस मिनिटं.
तीन आठवडे हेच. गिऱ्हाइकांची जेवणं गार,
माझं डोकं गरम.
मग एकदा, करण्यासारखं दुसरं काही उरलं नाही म्हणून
टाकीचं झाकण उघडलं.
सुस्स्.

झाकणाला सुईएवढं भोक असतं, ते धुळीने बुजलं होतं.
वरून हवा आत गेली नाही
तर खालून पेट्रोल उतरत नाही,
टाकी काठोकाठ भरलेली असली तरी.

मी कठड्याशी बराच वेळ बसलो.
हातात तापलेलं झाकण, बोटं भाजतायत,
समोर ओहोटीचं पाणी, गुडघाभर, हलत नव्हतं.
मग घरी फोन लावला, महिन्याची तारीख नसताना.
बायको म्हणाली, काय झालं?
म्हटलं, काही नाही.
झाकण उघडलं.
ती म्हणाली, कसलं?
आणि मग आम्ही पाऊण तास बोललो,
पैशांचा विषय न काढता.

ती सुई सीटखाली आहे, लाल दोऱ्यासकट.
महिन्यातून एकदा भोकात फिरव,
वादळ येऊन गेलं की लगेच.

दुसरी किल्ली मात्र मागू नकोस.
गेल्या सुट्टीत पोरीने ती कंपासपेटीत टाकली.
वर्गात सांगत असते म्हणे,
आमची एक मोटरसायकल आहे, बहारीनला.
परवा मी पोचल्यावर बघू, कसं सांगायचं ते.
तोवर असू दे.

तू एकाच किल्लीवर चालव.
आणि घामाच्या खिशात ठेवू नकोस,
गंजते.