आगाऊ

फॉर्मच्या डोक्यावर छापलंय : आगाऊ प्रवेश.
हा शब्द मी आजवर पाठीवरच ऐकलाय, धपाट्यासोबत.
पाहुण्यांच्या बोलण्यात तोंड घातलं, आगाऊ.
भावाचं आठवीचं गणित सहावीत सोडवलं, आगाऊ.
मोंढ्यात अडत्याला म्हणाले, काका, बेरीज चुकली;
चुकलीच होती,
पण घरी येईस्तोवर बापानं मान वर केली नाही.
आता एक अख्खं विद्यापीठ म्हणतंय,
आगाऊ असाल तर या,
निकालाच्या आधी या,
एकतीस जानेवारीच्या आत.

वसमतला जानेवारी म्हणजे हळद शिजायचे दिवस.
वाफ रस्त्यापर्यंत येते,
केमिस्ट्रीच्या वहीच्या कडा पिवळ्या पडतात.
माय रोजानं जाते,
हळकुंडं एका ढिगात, गड्डे दुसऱ्या,
रविवारी मीही.

इर्शादभाईच्या सेवा केंद्रात माझा फोटो
पन्नास केबीत बसेना.
कान कापले, खांदे कापले, तेव्हा कुठं मावले.
मग अंगठा. मशीन घेईना.
पुन्हा ठेवला, घेईना.
रेषा घासल्यात, उरल्यात त्या पिवळ्या.
इर्शादभाईंनी ओल्या फडक्यानं पुसला, फुंकर मारली,
म्हणाले, डावा दे.
डावा लागला.
'बारावी उत्तीर्ण वर्ष' भरल्याशिवाय पुढचं पान उघडेना.
म्हटलं, अजून झालेच नाही.
"हुईंगी की नै?"
आणि माझ्या उत्तराआधीच त्यांनी साल टाकलं.

एक रकाना लोमटे सरांचा होता : अपेक्षित गुण.
सरांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं.
"बावीस वर्षं पडलेले गुण लिहितोय.
पडायचे कसे लिहू?"
आधी पेन्सिलीनं एक्क्याऐंशी.
मग खिडकीबाहेरच्या सायकलींकडे बघत
खोडून, शाईनं एक्क्याण्णव.
खोडलेला आठ अजून दिसतो नऊच्या मागं.
तेवढी दहा गुणांची वाट
मला रोज रात्री चालायची आहे
आणि परवापासून लाईट नाही.

शेवटचा प्रश्न : हाच विषय का? दोनशे शब्दांत.
तयार उत्तर वीस रुपयाला मिळत होतं,
'बालपणापासून मला विज्ञानाची गोडी आहे.'
कळमनुरीच्या तिघांनी तेच नेलं, औंढ्याच्या एकीनंही.
मी बाहेर बाकड्यावर बसून लिहिलं
की पाच वर्षांची होते,
मायनं हळदीच्या हातानं चुन्याची डबी उघडली
अन् बोटं लालभडक.
मी रक्त समजून बोंबलले.
ती हसली. लिंबाची फोड चोळली,
बोटं परत पिवळी व्हायला लागली...
इथं दोनशे शब्द संपले.
चौकट पुढं लिहू देईना.
मायचा हात अर्धा लाल, अर्धा पिवळा राहिला,
तसाच पाठवला.

बापाला पावती दाखवली.
"म्हंजी आता परीक्षा द्यायची नाही?"
द्यायचीच.
"अन् नापास झालीस तर?"
तर ते परत घेतील.
"मग आगाऊ कशाचं," बाप म्हणाला
आणि पावती घडी करून
वजनकाट्याच्या पासासोबत खिशात ठेवली.
मायनं विचारलं, ते गाव किती लांब?
मी अंतर सांगितलं. तिनं तास विचारले.

सोमवारी प्रॅक्टिकल आहे.
लिटमस संपलाय, नवा आला तर आला, असं सर म्हणाले.
आज रात्री कंदिलाशी बसून
मी वहीची कोरी पानं फाडली,
हळदीच्या पाण्यात भिजवली, दोरीवर वाळत घातली,
वर्गाला पुरतील एवढ्या पट्ट्या.
मला कुणी सांगितलं नव्हतं.