एकोणीस मिनिटं

दिवीजाचा पहिला दात पडला मंगळवारी, दुपारी सव्वातीनला.
तेव्हा मी वेर्ण्याला, डोक्यावर जाळीची टोपी,
पट्टीत दहा गोळ्या आहेत की नऊ, ते बघत होते.
सगुणने दात काडेपेटीत घातला,
काडेपेटी फ्रीजवर.
तिने बजावून ठेवलं होतं : मीच दाखवणार.

ऑडिटचा आठवडा.
मी पोचायची तेव्हा ती झोपलेली,
निघायची तेव्हाही त्याच कुशीवर.
रोज रात्री ताट वाढून घेताना
मी काडेपेटी कानाशी धरून हलवायची.
उघडली नाही.

चोडणहून वेर्णा काही परदेश नव्हे.
स्कूटर, फेरीबोट, रायबंदरचा धक्का,
मेरशीच्या नाक्यावर कंपनीची बस,
मग कुठ्ठाळीपर्यंत समोरच्या ट्रकवरची तीच चार अक्षरं.
जायला पावणेदोन तास, यायला दोन.
धक्क्यावरची रांग देवचाराच्या झाडापर्यंत गेली असेल
तर त्याचा हिशेब वेगळा.

रविवारी दाबोळीला फ्लॅट बघितला.
तिसरा मजला, दोन खोल्या,
ओट्याखाली कुणीतरी विसरून गेलेली विळी.
एजंट केरकर फोन पुढे धरून म्हणाला,
"एकोणीस मिनिटं, बाय. ट्रॅफिक धरून."
एकोणीस.
मी तो आकडा जिभेवर ठेवला, विरघळेना.
एकोणीस मिनिटांत घरी आलेली बाई
वहीतल्या बेरजा बघेल,
सुंगटाचं हुमण गरम असताना जेवेल.
सव्वातीनला तीही टोपीतच असेल म्हणा,
पण दात त्याच रात्री बघेल.

डोक्यावरून विमान गेलं. काच थरथरली.
"पाचवं," दिवीजा म्हणाली.
सगुण काही बोलला नाही.
नळ उघडला, बंद केला,
पुन्हा उघडून बघितला.

सगुण मानस सांभाळतो, बांधातली लाकडी दारं.
भरतीला मिटलीत का, ओहोटीला उघडलीत का.
खारं पाणी खाजनात शिरलं तर चाळीस घरांचं भात जातं.
भरती रोज पाऊण तास उशिरा येते,
तिचा कुणी पगार कापत नाही,
आणि दाबोळीहून निघालेल्या माणसासाठी ती थांबत नाही.
म्हणजे नदी कुणीतरी ओलांडायचीच.
मी नाही तर तो.
आमच्या घरात वेळ वाचत नाही,
एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात जातो.

हे आम्ही परतताना बोललो,
अर्धं बसमध्ये, अर्धं धक्क्यावर.
एक गोष्ट मी बोलले नाही.

संध्याकाळी बोटीवर मी स्कूटर स्टँडला लावते,
कठड्यापाशी उभी राहते.
ज्योकिम साखळी ओढतो, फळी वर येते,
धक्का सुटतो.
मागे वेर्णा संपलेलं, पुढे भांडी सुरू व्हायची.
दहा मिनिटं मला कुणी हाक मारत नाही.
कधी पाण्याकडे बघते,
कधी शेजारच्याच्या पिशवीतल्या उंड्यांकडे.
विचार असा काही नसतो.
लेकीचा दात पेटीत वाजत असताना
आईला ही दहा मिनिटं हवीशी वाटतात,
हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

रात्री तिने काडेपेटी उघडली.
तांदळाच्या कणीएवढा.
आवाजावरून मला मोठा वाटला होता.
मग आ करून तिने शेजारचा दाखवला. हलतो.
"ह्याला मी हात लावत नाही," ती म्हणाली,
"दुसऱ्या बाजूने चावते.
शनिवारपर्यंत राहील तो."

सोमवारी केरकरचा फोन आला तेव्हा
बोट नदीच्या मध्यावर होती.
इंजिनाचा आवाज फार.
"ऐकू येत नाही," मी म्हणाले.
येत होतं.