कलम सातवं

डोमाजी गेला, आणि तेरवीच्या आधीच
त्याच्या दुकानाच्या एका शटरला दोन कुलपं लागली.
डावं मोठ्याचं, उजवं धाकट्याचं.
आत पंखा फिरत राहिला तीन दिवस.
बिल कोण भरणार यावर भांडले दोघं,
पण तो बंद करायला कुणी गेलं नाही.

त्याच रात्री मी मागच्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पाठीवर
लिहायला बसलो : आपलं काय काय आहे.
गोळीबार चौकातलं दुकान, पण ते पगडीचं.
हुडकेश्वरचा प्लॉट, पंधराशे फूट,
नासुप्रच्या खिडकीत अकरा वर्षं उभं राहून आरएल मिळवलेला.
एफडी दोन. सोसायटीतलीवर
अजून वारस म्हणून सुमित्राचंच नाव.
तिला जाऊन चार वर्षं झाली,
मी काऊन बदललं नाही, ते मलाच सांगता येत नाही.

एवढं लिहून पान अर्धंही भरलं नाही.
चाळीस उन्हाळे थंड करून विकले मी या शहराला,
आणि अर्धं पान.

गजभिये वकीलबाईंच्या ऑफिसातला कूलर माझाच,
दोन हजार नऊचा.
खस बदला म्हटलं, सडली आहे.
त्या म्हणाल्या, आधी तुमचं बोला काका.
मी म्हटलं, बँकेत प्रफुल्लचं नाव टाकलं आहे, झालं की.
त्या म्हणाल्या, नॉमिनी म्हणजे मालक नाही,
नुसता पैसे ताब्यात घेणारा. राखणदार समजा.
आणि मुलीला?
तिला लग्नात दिलं ना, मी म्हटलं.
त्यांनी पेन खाली ठेवला. बोलल्या काहीच नाहीत.
टुल्लूचा आवाज तेवढा, थेंब थेंब,
आणि माझ्या डोळ्यांपुढे ज्योत्स्ना,
सुमित्राच्या शेवटच्या महिन्यात
मेडिकलच्या वऱ्हांड्यात सतरंजीवर झोपलेली.
लिहा, म्हटलं. अर्धा प्लॉट. रस्त्याकडचा.

सहा कलमं अशी झाली.
सातवं मी घरून पाठ करून आणलं होतं :
पत्रा वाकवायचं बेंडर, वेल्डिंग सेट, दोन्ही ड्रिल,
दीड लाख रुपये, आणि दुकानाच्या नावाची पाटी
इश्तियाकला.
पाटी लिहायची गरज नाही, बाई म्हणाल्या.
मी म्हटलं, लिहा.

सहीच्या दिवशी दोन साक्षीदार लागतात.
एक डॉक्टर पौनीकर, दवाखाना सोडून आले.
दुसरा कोण आणणार मी?
सव्वीस वर्षं ज्याच्या हातावर विश्वास टाकून
मी छपरावर चढलो, शिडी ज्यानं धरली, त्यालाच आणला.
इश्तियाक रॉकेलनं हात धुऊन आला होता,
ईदच्या शर्टात.
बाईंनी नाव विचारलं. कागद पाहिला, मग मला पाहिलं.
काका, यांची सही नको.
ज्याला मिळणार आहे, त्यानं साक्ष देऊ नये.
उद्या कुणी कोर्टात गेलं, तर पहिलं बोट तिथंच ठेवतील.

त्याच्या हातात पेन उघडा होता.
सव्वीस वर्षांत त्यानं उचल मागितली एकदाच,
बहिणीच्या डिलिव्हरीला, आणि फेडली शनिवार-शनिवारनं.
त्यानं टोपण लावायला घेतलं,
ते पहिल्यांदा बसलंच नाही.
भाऊ, मी खाली गाडीपाशी थांबतो, म्हणाला.

मग शेजारच्या टायपिस्टनं सही केली.
सातव्या कलमात त्याला काही रस नव्हता,
चहा मात्र घेतला त्यानं.

परत येताना मी मागे, गाडी तो चालवत होता.
कोर्टापासून इंदोऱ्यापर्यंत एक शब्द नाही.
सिग्नलवर, पाठमोराच,
म्हणाला : ते बेंडर खिळखिळं झालं भाऊ, नवीन घ्या लागते.
मी म्हटलं, आता ते तू पाहजो.
मागचा ऑटोवाला हॉर्न वाजवून राहिला होता.

सोमवारी सोसायटीत जायचं आहे, सुमित्राचं नाव काढायला.
फॉर्म त्यानंच आणून ठेवला आहे, गल्ल्याखाली,
पाना ठेवून, उडू नये म्हणून.
एक ओळ आहे फक्त.
अजून भरली नाही.