अकरा केव्ही

बोर्डाच्या स्टोअरमधलं भंगार मी किलोवर उचलतो
उत्पला गजघाटेसाठी.
पेन्शन लागल्यापासून हा एकच धंदा.
ती म्हणते, काका, अजून आणा.
आणतो.

झिंगाबाई टाकळीत पत्र्याच्या शेडखाली तिची भट्टी.
मे महिन्यात तिथं कूलरही वाफच फेकतो,
अन् ही ओला दुपट्टा डोक्याला गुंडाळून
लोखंडी खलात फुटकी चिनी माती कुटत बसते:
पाडलेल्या घरांचे कमोड, इतवारीतल्या कपबश्या,
माझे चॉकलेटी इन्सुलेटर.

"काहून कुटता बाई? चिकटवा ना सरळ."
"सरळ लावलं तर भट्टीत भांडतात, काका.
नवी माती आकसते,
जुनीचं आकसणं कधीचंच होऊन गेलेलं."
मग ती भुकटी चाळून नव्या मातीत मळते.
म्हणते, यानं माती तग धरते.
मला त्यातलं कळत नाही.
माझा जन्म तारांवर गेला.

कोराडीची राख उडत येते,
आमच्या सुनेच्या कुरड्यांवर बसून शिव्या खाते.
तीच ही पत्र्यावरून झाडून घेते,
चुना घालून कालवते, पुतळ्यांना फासते.
आगीतून निघते तेव्हा
शेवाळलेल्या विहिरीसारखी चकाकते.

एक इन्सुलेटर मात्र मी पोत्यात कधी टाकला नव्हता.
बावीस वर्षं घरी, टीव्हीवर, उलटा.
पोट्टे त्याच्या भोकात पेन खोचायचे.
कडेला नखाएवढा टवका.
हिंगणा रोड, खांब नंबर अठरा.
वर मंसाराम उईके होता.
लाईन बंद आहे, असं खालून
मी ओरडलो होतो.

परवा तो पिशवीत घालून नेला.
बाईनं हातात फिरवला, टवक्यावर अंगठा थांबला.
"हा कुटू?"
मी तिच्या हातून बत्ता घेतला.
चिवट माल. चौथ्या घावाला गेला.

सात पुतळे केले तिनं, सगळे हात वर केलेले.
दोन तडकले; ते परत खलात.
तो कुठल्यात गेला, तिनं सांगितलं नाही.

भट्टी उघडल्यावर म्हणाली, बघा हात लावून.
मी हात उलटा केला.
लाईनमन मागच्या बाजूनंच लावतो,
करंट असला तर हात मिटतो अन् सुटतो.

कोमट होता.
मग सरळ हात ठेवला.