पर्यायी मजकूर

नोल्सोय बेटावरचा हानुस माझ्या शेजारी बसतो,
फोन कानाशी, शंख ऐकावा तसा.
मी बांधलेलं बोटींच्या वेळांचं पान
एक घाईतला आवाज त्याला वाचून दाखवतो:
चित्र. चित्र. बटण. बटण. चित्र.

अख्खं वेळापत्रक मी एका चित्रात ओतलं होतं,
कडेला सावली, कोपरे गोल.

"सातची बोट आहे की नाही?"
"ती ओळ लाल आहे ना," मी म्हणते
आणि जीभ चावते.

रात्रभर उसवत बसले.
तक्ता तक्त्यासारखा, मथळा मथळ्याच्या जागी,
लालच्या जोडीला 'रद्द' हा शब्द.
पडदा तळहाताएवढा झाला
तरी रकाने एकमेकांच्या अंगावर पडणार नाहीत, असं.
बंदराच्या फोटोसाठी मात्र चार ओळी लिहिल्या, लाडाने:
धुकं, ओला धक्का, छपरांवरचं गवत.

सकाळी त्याने त्या शेवटपर्यंत ऐकल्या. हसला.
"पोरी, याच धक्क्यावर साठ वर्षं जाळी सांधली मी.
हे पूस.
बोटीचं सांग."

पुसलं.
अवतरणचिन्हं उरली, आत काही नाही.
आवाज आता तिथे न अडखळता पुढे जातो:
सात, रद्द. पावणेनऊ, सुटेल.

हानुस काठी परत भिंतीला टेकवतो.
"मग कॉफी टाक."