शिळं पाणी

तांबोळी म्हणाला, बाई, हा तुमच्या टाकीतला मासा नव्हे.
अडीच फुटांत आधीच वीस निऑन, चार कोरी,
वर एक एंजल, तीही भांडकुदळ.
डिस्कसला एकट्याला करमत नाही, गर्दी सोसत नाही,
थंडी तर मुळीच नाही.
मी म्हटलं, माझ्याकडे दोन खोल्यांत सात मुली राहतात,
कॉट बेसिसवर. त्यांना कुठे सोसतं?
तो हसला नाही. पिशवीत ऑक्सिजन भरला,
रबर दोनदा गुंडाळलं.
बाराशे रुपये. मासा पुरीएवढा.

मांडीवर पिशवी घेऊन रिक्षाने कर्वेनगरला आले.
प्रत्येक खड्ड्याला हात आपोआप खाली जायचा,
सातव्या महिन्यात जातो तसा.

पहिला आठवडा तो काळाच पडत गेला.
निळ्या रेघा गेल्या, मग नारिंगी.
हीटरमागे तिरका उभा,
शिक्षा झालेल्या पोरासारखं तोंड भिंतीकडे.
एंजल त्याच्या वाट्याचं खाऊन जायची
आणि परत येऊन बघायची,
राहिलंय का काही.

खिडकीजवळच्या सातव्या कॉटवर
भंडाऱ्याची डिंपल मारबते.
स्पर्धा परीक्षा. डबा रोज अर्धा परत.
वडील तलावात जाळं टाकतात.
टाकीपाशी पहिल्यांदा थांबली तेव्हा म्हणाली,
काकू, एवढ्या पैशात आमच्याकडे
लग्नाची पंगत उठते मच्छीवर.
मग खाली वाकून बघत राहिली.
याले पाणी पटून नाही राहिलं.

माझी आई सकाळी उठून
कालचा हंडा आधी झाडांना घालायची.
शिळं पाणी देवाला नको, पाहुण्याला नको.
आणि आम्ही दोघी रात्री बादल्या भरून
पाणी शिळं करत बसायचो,
नळाचा उग्र वास उडेपर्यंत.
फुटपाथवरची बदामाची वाळकी पानं
ती कॉलेजच्या सॅकमधून आणायची, धुवायची, बुडवायची.
सकाळी बादलीत कोरा चहा.

गुरुवारी पाणी बंद, म्हणून बुधवारी एक बादली जास्तीची.
तिच्यावर चिठ्ठी : माशाचं आहे.
तरी सोलापूरच्या ऋतुजाने त्यानेच केस धुतले.
दोन दिवस त्या दोघींचा अबोला.
केस मात्र छान झाले होते.

जानेवारीत एका रात्री वीज गेली ती आलीच नाही.
हीटरचा लाल ठिपका विझला.
डिंपलने गॅसवर पातेलं चढवलं,
गरम पाण्याच्या बाटल्या टाकीत तरंगत सोडल्या,
आणि कोणी न सांगता
सात कॉटवरून सात पांघरुणं आली.
सगळ्यात जाड अर्थातच ऋतुजाची चादर.
टाकी आजारी माणसासारखी गुंडाळून
आम्ही स्वेटर घालून अंधारात बसलो.
कोणीतरी भूगोलाचे प्रश्न विचारत होतं.

त्यानंतर कधीतरी, पहाटे चारला,
टेबललॅम्पच्या उजेडात तो बाहेर आला.
वाळूवर आधी फुंकर मारली,
ताटातली भाकरी गरम असावी तशी,
आणि एक अळी उचलली.
डिंपलने मला उठवलं नाही.
सकाळी सांगितलं. डबाही त्या दिवशी
पूर्ण संपवला, की मलाच तसं वाटलं.

यादी लागली. तिचं नाव नव्हतं.
मार्चअखेर कॉट सोडली.
ट्रंक खाली नेताना ऋतुजाने एक कडी धरली.

आता तिथे कराडची मुलगी, आठला उठते.
मी चारचा गजर लावते, लॅम्प लावते,
आणि करायला काहीच नसतं म्हणून
तिची राहिलेली चालू घडामोडींची वही वाचते.
तो काचेपाशी येतो. काळा नाही,
पण तेव्हाइतका निळाही नाही.
माझ्याकडे बघतो, माझ्या मागे बघतो.

बुधवारी रात्री फोन येतो.
काकू, भरलं का उद्याचं?
भरलं.
शिळं झालं?
होतंय, म्हणते. तू जेवलीस?